दारं बंद होतात तेव्हा ट्रान्स पोराशी संपर्क कसा टिकवायचा: कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

जून २०२० मध्ये मी एका विद्यार्थिनीला व्हॉट्सॲपवर तीन शब्द पाठवले: ‘कशी आहेस गं?’ शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव मुलाचं होतं. ‘गं’ म्हणा, असं तिनेच मला जानेवारीत सांगितलं होतं, वाचनालयाच्या मागच्या कट्ट्यावर बसून. फोन मात्र तिच्या वडिलांचा होता. मेसेज त्यांनीच उघडला. पुढचे सात आठवडे तिच्या हातात फोन आला नाही आणि घरात जे झालं ते मला गणपतीनंतर कळलं.

विजयदुर्ग खाडीच्या पट्ट्यात मी बरीच वर्षं शिकवते. कोरोनाच्या त्या दोन वर्षांत आणि नंतरही माझ्यासारखीच चूक केलेली माणसं भेटत राहिली. कुणाची आत्या, कुणाचा मुंबईचा दादा, कुणाचा वर्गमित्र. मन चांगलं होतं, क्रम उलटा होता. आधी आईबापांशी बोलायचं, मग समुपदेशक शोधायचा, आणि पोराला विचारायचं सगळ्यात शेवटी. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. मधली पायरी गाळून पुढची करू नका.

शब्दांचं आधी सांगून टाकते. जन्मावेळी नोंदवलेलं लिंग एक आणि आतून जाणवणारं वेगळं, अशा माणसाला सरकारी कागदावर ‘तृतीयपंथी’ लिहितात, हल्ली ‘पारलिंगी’ही वाचायला मिळतं, मुलं स्वतःला ‘ट्रान्स’ म्हणतात. तृतीयपंथी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर साडीतली व्यक्तीच येते. त्यामुळे मुलगी म्हणून वाढवलेला पण आतून मुलगा असलेला किशोर कुणाच्या हिशेबातच नसतो. मी इथे ‘पोर’ लिहिणार आहे. आपल्याकडे ‘पोर कुठे गेलं?’ असं सहज विचारतात, त्यात मुलगाही येतो आणि मुलगीही.

## टप्पा १: नेमकं काय बंद झालं, याची यादी करा

ही यादी न करता फोन उचलायचा नाही.

टाळेबंदीत बाकीच्या मुलांना माणसं भेटेनाशी झाली. ट्रान्स पोरांचं उलट झालं. त्यांच्याभोवती माणसं वाढली आणि ज्यांच्याशी खरं बोलता येई ती दोन-तीन तुटली. माझ्या विद्यार्थिनीच्या घरात एरवी पाच जण असायचे. चाकरमानी परतले तेव्हा अकरा झाले. शाळेत विलगीकरण केंद्र झालं आणि तिचेच चुलतभाऊ तिच्याच वर्गात चौदा दिवस झोपले. तिथून ते घरी आले ते तिच्या माडीवरच्या कोपऱ्यात. माजघराला दार नाही, न्हाणीघराला अर्धं दार. परसात जावं तर काकू भांडी घासतेय.

एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे, पोराचं काय गेलं: खऱ्या नावाने हाक मारणारी मैत्रीण, एसटीतला अर्धा तास, दशावतार मंडळात रंग लावायला मदत करणं (तिथे स्त्रीभूमिका पुरुषच करतात, म्हणून ओढणी हातात घेतली तरी कुणी काही म्हणत नाही), स्वतःच्या मनासारखे केस. उजवीकडे, घरात नवीन काय आलं: चोवीस तास घरी असलेले वडील, टोमणे मारणारे भाऊ, ‘रिकामं बसलंय तर लग्नाचं बघू’ म्हणणारी मंडळी. यादी झाली की कागद फाडून टाका.

माझा अनुभव असा की मदत करणारे डावा रकाना बघतात आणि त्रास उजवा देतो.

तपासा: उजव्या रकान्यात तीन गोष्टीही सुचत नसतील, तर त्या घराची तुम्हाला पुरेशी माहिती नाही. संपर्काची घाई करू नका, आधी टप्पा २ करा.

## टप्पा २: चार प्रश्न, दारं बंद व्हायच्या आधी

साथ सांगून येत नाही. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू एका दिवसाचा होता. २४ तारखेच्या रात्री जाहीर झालं आणि २५ पासून देश बंद. ज्यांनी आधी बोलून ठेवलं नव्हतं त्यांना हातात पुरते चार तासही मिळाले नाहीत. तेव्हा हे बोलणं सगळं सुरळीत असतानाच करून ठेवायचं. खोलीत समोरासमोर बसवून विचारू नका. चालता चालता विचारा, नजर रस्त्यावर असली की पोरं बोलतात.

१. घरात कुणाला काय माहीत आहे? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तरी प्रत्येकाचं नाव घेऊन परत विचारा. आजीला बहुधा काहीतरी माहीत असतं.

२. फोन कुणाचा, तो उघडायचा आकडा कुणाकुणाला माहीत, रात्री तो कुणाच्या उशाशी असतो?

३. कुठे कोणत्या नावाने हाक मारायची? वर्गात, फोनवर, घरच्यांसमोर, तिन्ही ठिकाणची उत्तरं वेगळी असू शकतात.

४. आपलं बोलणं अचानक थांबलं तर किती दिवसांनी मी काहीतरी करायचं, आणि ते काहीतरी म्हणजे काय?

चौथा प्रश्न जवळजवळ सगळे विसरतात. मग संपर्क तुटला की तिसऱ्या दिवशी घाबरून घरी थडकतात, नाहीतर दोन महिने ‘जमत नसेल’ म्हणून गप्प बसतात. आकडा ठरवा. आमचा नंतर दहा दिवसांचा ठरला, आणि दहाव्या दिवशी मी शाळेच्या कामाने वडिलांना फोन करायचा, पोराला नाही.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगून टाका: ‘तुझं गुपित माझ्याकडे राहील. पण जिवाला धोका असेल किंवा कुणी अंगाला हात लावत असेल, तर मी ते लपवणार नाही. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.’ हे नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो. आधी सांगितलं तर तो करार होतो.

इशारा: चार उत्तरं कुठेही लिहून ठेवू नका. शिक्षकांच्या ग्रुपवर ‘एक नाजूक केस आहे’ असंही टाकू नका. तीनशे घरांच्या गावात नाजूक केस ओळखायला संध्याकाळसुद्धा लागत नाही.

## टप्पा ३: खुणेचं वाक्य ठरवा आणि वापरून बघा

‘आत्ता बोलता येईल का?’ हे उघड विचारता येत नाही. त्यासाठी एक साधं वाक्य लागतं.

आमचं पहिलं वाक्य फसलं, तेच सांगते. खाडीकाठचं गाव म्हणून आम्ही ठरवलं, मी विचारायचं, ‘आज भरती कधी?’ तिने ‘सकाळी’ म्हटलं की बोलता येईल, ‘संध्याकाळी’ म्हटलं की कुणीतरी जवळ आहे. मला हे फार सुचलेलं वाटलं होतं. दुसऱ्याच वेळी मागून आजोबांचा आवाज आला, “भरती सकाळी खंयची? दोनपारां आसा!” जाळी विणण्यात जन्म गेलेल्या माणसासमोर भरतीची खोटी वेळ सांगायची म्हणजे कमालच होती.

मग आम्ही स्वाध्यायाच्या प्रश्नांवर आलो.

- ‘पहिला प्रश्न झाला’: ठीक आहे, बोलता येईल.
- ‘दुसऱ्यावर अडलंय’: कुणीतरी जवळ आहे, नंतर.
- ‘तिसरा समजला नाही’: बरं नाही, या दोन दिवसांत काहीही करून बोलायचंय.
- ‘वहीच सापडत नाही’: धोका आहे, टप्पा ७.

वाक्य असं हवं की त्या घरात ते कुणी खोडून काढणार नाही, आणि त्याच्यामागे खरं काम हवं. मी खरोखर स्वाध्याय देत होते, तपासतही होते. ‘अभ्यास कसला चाललाय, बघू’ म्हणून कुणी वही मागितली तर वही निघाली पाहिजे.

तपासा: धोक्याची खूण सोडून बाकीच्या तिन्ही आठवडाभर वापरून बघा. पोराला आठवायला वेळ लागत असेल तर खुणा कमी करा. दोन पुरतात.

## टप्पा ४: वाट निवडा, आणि वीज गेली तर दुसरी

वाट म्हणजे तुमचं बोलणं पोरापर्यंत कसं पोचणार. फोन सामाईक असेल तर लेखी मेसेजमध्ये अभ्यासापलीकडे एक अक्षर नको. मेसेजचा मजकूर बंद पडद्यावर दिसतो, तो दिसू न देण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती लावून घ्या. व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या फोनला किंवा संगणकाला जोडलेलं नाही ना, तेही पोराला बघायला सांगा. आपोआप गायब होणारे मेसेज अशा घरात उलट संशय वाढवतात. व्हॉइस मेसेज तर नकोच. भावाने मोठ्या आवाजात लावला की सगळ्या ओटीने ऐकला. तुमचं नाव फोनमध्ये आहे तसंच राहू दे, ‘गणित मॅडम’ तर गणित मॅडम. वेगळं टोपणनाव सापडलं की पहिला प्रश्न तोच येतो.

आमच्याकडे खरी खासगी जागा म्हणजे सडा, गावाच्या वरचं कातळाचं मोकळं पठार. खाली वाडीत रेंज नसते, त्यामुळे ऑनलाइन तासाला पोरं सड्यावर चढायची याचं कुणालाच नवल वाटत नसे. तास संपल्यावरची पंधरा मिनिटं आमची. पहिल्यांदा तिने सड्यावरून फोन केला तेव्हा आधी नुसता वारा ऐकू आला. मग धाप. मग, “पोचले मॅडम.” ‘पोचलो’ नाही. सात आठवड्यांत तो शब्द तिने मोठ्याने उच्चारला नव्हता.

इशारा: ढग गडगडत असताना सड्यावर बोलावू नका. मोकळा कातळ, त्यावर एकटं पोर आणि एखादं झाड. पावसाळ्यात ठरलेली वेळ चुकली तर ती चुकू द्या.

दुसरी वाट कागदाची ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मे २०२१ मध्ये तौक्तेने आमच्याकडेही खांब आडवे केले. त्या काळात शाळेकडे घरी जायला कारणं होती: पाठ्यपुस्तकं, पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य, तपासलेल्या वह्या. शिक्षक नसाल तर तुमचं स्वतःचं एक कारण आधीच तयार ठेवा, महिन्यातून दोनदा खरं वाटेल असं. वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक टिंब म्हणजे ‘वाचलं’. एवढा निरोप पुरतो. चिठ्ठी लिहू नका.

## टप्पा ५: व्याकरणाचा सराव करा

माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित टप्पा आहे. इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग’ म्हणून सुटता येतं. मराठीत ‘मी येतो’ की ‘मी येते’ यातच सगळं उघडं पडतं. घरात कुणीतरी ऐकत असताना पोराला दोनच पर्याय उरतात: स्वतःला खोटं म्हणायचं किंवा पकडलं जायचं. तिसरा पर्याय आपल्या भाषेतच आहे, फक्त तो हाताशी यायला सराव लागतो.

लिंग न दाखवणारी वाक्यं चार प्रकारची आहेत.

भविष्यकाळ: ‘मी येईन’, ‘तू सांगशील’. इथे मराठी लिंग सांगतच नाही. ‘मी उद्या फोन करते’ऐवजी ‘उद्या फोन करेन’.

आज्ञार्थ: ‘बस’, ‘सांग’, ‘ऐक’, ‘जेवून घे’. फक्त पुढे ‘रे’ किंवा ‘गं’ लावायचं नाही. जीभ लावतेच, म्हणून जपा.

कर्म असलेल्या बहुतेक क्रियापदांचा भूतकाळ: ‘तू पुस्तक वाचलंस का?’, ‘मी भाकरी खाल्ली’. इथे क्रियापद पुस्तकाच्या आणि भाकरीच्या मागे जातं, बोलणाऱ्याचं काही कळत नाही. ‘वाचत बसले होते’ म्हटलं की कळतं.

‘मला’, ‘तुला’ आणि ‘झालं’ची वाक्यं: ‘मला बरं वाटत नाही’, ‘तुला काय हवंय?’, ‘जेवण झालं?’, ‘झोप लागली?’. ‘जेवलास का’, ‘जेवलीस का’ हा पेचच येत नाही.

संबोधनाला ‘बाळा’ चालतं. ‘बाय’, ‘बाबू’, ‘सोन्या’ नको.

दोघांनी मिळून दहा मिनिटं असं बोलून बघा. पहिल्यांदा हसू येतं, वाक्यं नाटकासारखी वाटतात. तिसऱ्या-चौथ्या वेळेला सवय होते. मी आरशासमोर केलं, माझ्या नवऱ्याला वाटलं मॅडमचं डोकं फिरलं.

आता याच्याच पोटात दुसरी चूक आहे. काही जणांना ही कसरत इतकी जमते की पोर एकटं असतानाही ते तसंच बोलत राहतात. सड्यावर कुणी नाही, हे कळल्यावर पहिल्याच वाक्यात खरं रूप वापरा. ‘पोचलीस?’ एवढं पुरे. त्याच्यासाठीच ते एवढं चढून आलेलं असतं.

तपासा: फोन स्पीकरवर आहे आणि शेजारी काका बसलेत असं धरून पाच मिनिटं बोला. किती वेळा जीभ घसरली ते मोजा.

## टप्पा ६: आठवड्याची लय, आणि अंगाचे प्रश्न

आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं. रोज नको. रोजचा फोन घरच्यांच्या डोळ्यावर येतो, आणि तुम्हालाही झेपत नाही. पहिल्या उत्साहात रोज बोलून नंतर दहा दिवस गायब होणं सर्वांत वाईट, कारण पोर त्याचा अर्थ एकच लावतं.

बोलायचं काय? निम्मा वेळ भलतंच. फणस किती धरलेत, मांजरीला पिल्लं झाली का, गणिताचं काय. सतत ‘तुला कसं वाटतं?’ विचारलं की पोर स्वतःला रुग्ण समजायला लागतं. एखादं हातातलं काम द्या. माझी विद्यार्थिनी साठं (उन्हात वाळवलेली पोळी) घालताना रोज उन्हाची वेळ टिपून ठेवायची. त्या वहीत आमच्या खुणाही मुरल्या.

शिक्षक असाल तर ऑनलाइन तासाला दोन नियम सगळ्या वर्गासाठी करा: कॅमेरा ज्याच्या त्याच्या मर्जीवर आणि हजेरी क्रमांकाने. एकट्या पोराला सवलत देऊ नका, त्याने ते उठून दिसतं. सगळ्यांना दिली की कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता अंग. शाळा बंद होती म्हणून वाढ थांबली नव्हती. मिसरूड फुटत होतं, आवाज फुटत होता, छाती वाढत होती आणि त्याबद्दल बोलायला कुणी नव्हतं. अशा वेळी पोरं घरच्या घरी जे करतात त्यातल्या दोन गोष्टी तुम्हाला विचारायलाच लागतील.

एक, छाती आवळणं. क्रेप बँडेज किंवा ओढणी करकचून बांधली जाते. श्वास घेताना बँडेज सैल होत नाही, बरगड्यांना इजा होते, आमच्या दमट हवेत कातडी सोलवटते. बांधून झोपायचं नाही, कामं करायची नाहीत, आणि ताप-खोकला असेल तर अजिबात नाही. ‘बांधूच नकोस’ म्हणून तुटून पडलात तर ते लपून बांधेल. सैल, जाड कापडाचा सदरा, त्याच्या आत घट्टसर बनियन, इतपत पर्याय द्या.

दोन, गोळ्या. आतून मुलगी असलेली काही पोरं घरातल्या कुणाच्या तरी गर्भनिरोधक गोळ्या उचलून घेतात, त्याने अंग बायकी होतं असं कुठेतरी ऐकलेलं असतं. रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो आणि डॉक्टरशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. ओरडू नका. किती दिवस, किती, एवढं विचारा. पायाला एकाच बाजूने सूज, छातीत कळ किंवा दम लागत असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

## टप्पा ७: धोक्याची खूण आली तर

‘वहीच सापडत नाही’ आलं, किंवा खुणेशिवायच तुम्हाला आवाज वेगळा वाटला, तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने डोक्यात भरतं ही भीती खोटी आहे. विचारणारं कुणी आहे हे कळलं की बहुतेक पोरं बोलतात. ‘वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘नाही’ हेच येतं.

उत्तर होकारार्थी आलं तर क्रम असा:

१. फोन ठेवू नका. शेजारी घरातलं कोण आहे ते विचारा, त्यातल्या त्यात बरं कोण तेही.

२. साधनं दूर करा. आपल्याकडे आंब्याच्या फवारणीची औषधं पडवीत नाहीतर मांगरात (बागेतल्या खोपीत) उघडी पडलेली असतात. किल्ली कुणाकडे आहे? घरातल्या त्या एका माणसाला सांगा, ‘औषधं कुलपात घाला, पोराला आज एकटं सोडू नका.’ कारण विचारलं तर ‘त्याची झोप गेलीये, जिवाला लागलंय’ एवढं पुरे. ते ट्रान्स असल्याचं इथे सांगायची गरज नाही.

३. तातडी असेल तर ११२. बोलायला माणूस हवं असेल तर टेली-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत, पैसे पडत नाहीत.

४. मारहाण, कोंडणं, उपाशी ठेवणं, अंगाला हात लावणं असेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन. पुढे प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जाऊ शकतं. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, मर्जीचा प्रश्न नाही.

इशारा: पोराला परस्पर स्वतःच्या घरी किंवा मुंबईला घेऊन जाऊ नका. अठराच्या आतलं पोर आहे. पळवल्याची तक्रार होते, आणि मग तुम्ही पोलिसांत आणि पोर परत त्याच घरात. २०१९ च्या ट्रान्सजेंडर हक्क कायद्याच्या बाराव्या कलमानेही ट्रान्स आहे एवढ्यावरून मूल घरापासून वेगळं करता येत नाही, त्याच्या हितासाठी न्यायालयाने सांगितलं तरच येतं. वेगळं करायची वेळ आली तर समितीमार्फतच.

घरात ‘उपाय’ सुरू झाले असतील तर नीट चौकशी करा. देवाला गाऱ्हाणं घातलं, गुरवाने नारळ ठेवला, यात भांडायला जाऊ नका. आजीचा तो काळजी करण्याचा मार्ग असतो. भगताने चटके दिले, उपाशी ठेवलं, मारलं, तर गोष्ट वेगळी. त्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. ‘रत्नागिरीला नेऊन टाकू’ ही आपल्याकडची ठरलेली धमकी. पोराला सांगून ठेवा की मनोरुग्णालय हे शिक्षेचं ठिकाण नाही, आणि ट्रान्स असणं आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात ते मानसिक विकारांत धरलेलं नाही. ‘बदलून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, हे त्याला शांतपणे ऐकवता येतं.

## टप्पा ८: घरच्यांशी बोलणं, पोराने सांगितलं तरच

हे पाऊल लोक पहिलं टाकतात. ते आठवं आहे. पोर ‘नको’ म्हणालं तर विषय तिथे थांबतो.

‘हो’ म्हणालं तर माणूस निवडू द्या त्यालाच. कर्ता पुरुष म्हणून वडिलांपासून सुरुवात करण्याचा आपला शिरस्ता असतो, पण घरात पहिलं वळणारं माणूस बहुधा दुसरंच असतं. माझ्या विद्यार्थिनीने आजीचं नाव घेतलं. मी दोन आठवडे आजीशी फक्त जेवण, झोप आणि केसगळती यावर बोलले. ‘ट्रान्स’ शब्द मी काढलाच नाही. कायद्याचा तर नाहीच. दशावतारी मंडळातल्या एका जुन्या नटाचं नाव आजीनेच काढलं, ‘तो घरात पण तसोच असायचो’ म्हणाली. पुढे जे बोलायचं ते तिचं तीच बोलली. सुनेला म्हणाली, “पोर आपलाच मां ता? मगे जेवक घाल त्येका आधी.” वडिलांचा राग त्यामुळे गेला नाही, पण जेवणाचं ताट पुन्हा सगळ्यांबरोबर लागायला लागलं. तेवढ्या महिन्यात तेवढंच झालं.

वाक्य हवं असेल तर असं: ‘पोर सुकत चाललंय. अभ्यासाचं नंतर बघू. त्याच्या केसांवरून, कपड्यांवरून आठ दिवस कुणी काही बोलू नका, मग मला कळवा.’ आठ दिवस मागणं सोपं जातं, ‘स्वीकारा’ म्हणणं जड जातं.

तपासा: बोलणं झाल्यावर दोन दिवसांत पोराची खूण यायला हवी. नाही आली तर टप्पा २ मधला आकडा मोजायला लागा.

## टप्पा ९: दारं उघडल्यावर

४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले तेव्हा आम्ही गेटवर गुलाबपाणी शिंपडलं. त्या गर्दीत माझी विद्यार्थिनी नव्हती. ती तिसऱ्या दिवशी आली, मधल्या सुट्टीनंतर. केस भादरलेले, आवाज खाली गेलेला, दीड वर्षात पोरांनी तिला पाहिलेलं नव्हतं. ‘ओळखलंच नाही रे!’ असं एका शिक्षकाने मोठ्याने म्हटलं, आणि त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता.

पहिल्या दिवसाआधी करायची कामं: बाथरूमला जायची वेगळी वेळ किंवा शिक्षकांच्या बाथरूमची किल्ली, बाकावर शेजारी कोण ते आधीच ठरवणं, सहकाऱ्यांना एवढंच सांगणं की कुणाच्याही दिसण्यावर बोलायचं नाही, नाव न घेता. गैरहजेरीची कारणं वर्गात विचारू नका. पटावरून नाव गेलं असेल तर आधी पुन्हा प्रवेश, बाकी सगळं मग.

खुणेचं वाक्य मोडीत काढू नका. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, वडील दोन महिने घरी असतात, पावसाने रस्ता तुटतो, फोन परत सामाईक होतो. दर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चार प्रश्न नव्याने विचारा. फोन बदललेला असतो, भावाला आकडा कळलेला असतो, आजी गेलेली असते.